रातूंच्या नावाचा खांब

मी बंदीचा खांब बोलतोय. दचकू नका. खांबांनाही मतं असतात, फक्त तुमच्यासारखी ती उठल्यासुटल्या सांगत फिरायची आम्हांला सवय नसते.

जन्म माझा खाडीच्या कांदळवनातला. आमच्या गावचे प्रमुख रातू इसिकेली वारले, त्याच दिवशी त्यांच्या मुलाने, वाइसाकेने, मला तोडलं. डोक्याला झावळ्या बांधल्या, पाद्रीबाबांनी प्रार्थना म्हटली आणि प्रवाळाच्या बांधाच्या अगदी बाहेरच्या कडेला मला रोवलं. प्रमुख गेला की त्याच्या नावाने समुद्र बंद ठेवायचा, ही आमच्या फिजीतली जुनी रीत. किनाऱ्यापासून माझ्यापर्यंत जाळं नाही, गळ नाही, भाला नाही. माझ्या पलीकडे खुशाल मारा. सुतक फिटलं की बंदी उठवायची आणि त्या राखलेल्या माशांवर गावजेवण घालायचं. जेवढे मासे, तेवढा गेलेल्याचा मान.

या मानाची सगळ्यात जास्त काळजी रातूंच्या बहिणीला, वासेमाथाला. भावासाठी तिने काळे कपडे घातले आणि सुतक म्हणून किनाऱ्याकडे फिरकणंही सोडलं. तिचं घर माडांच्या मागे. रोज संध्याकाळी ती मुलाला विचारायची आणि पाण्यावर मला ते स्पष्ट ऐकू यायचं.

"पेनाया, खांब आहे ना रे?"

"आहे की, आई. ताठ उभा आहे."

"बंदी कोणी मोडली नाही ना?"

"कोणाची छाती आहे? पोट फुगून मरायचंय का?"

पोरगा खोटं बोलत नव्हता. आमचं गाव फार धार्मिक. बंदी मोडणं म्हणजे महापाप, ते कोणीच केलं नाही. खांब उपटून थोडा किनाऱ्याकडे रोवणं हे पाप आहे, असं मात्र कोणी कुठे सांगितलं होतं?

पहिला आला तो पेनायाच. पहाटेची ओहोटी, आजूबाजूला चिटपाखरू नाही. हात जोडून म्हणाला, "मामा, मामाच्या घरचं भाच्याने काहीही उचललं तरी ती चोरी नसते, आपली रीतच आहे." मला उचलून जरासं आत रोवलं, मग माझ्या पलीकडे जाऊन दोन गलेलठ्ठ हेकरू मासे भाल्यावर घेतले. पुढे एका पहाटे वाइसाके आला. "बाबा, तुमचंच पाणी, तुमचीच नातवंडं," म्हणाला आणि त्यानेही मला सरकवलं. मग पाद्रीबाबा. त्यांनी आधी प्रार्थना केली, त्यामुळे देवाच्या कृपेने मी सगळ्यात लांब सरकलो. हळूहळू सगळं गाव येऊन गेलं. प्रत्येकाला वाटायचं, आपण एकट्यानेच सरकवला, एवढ्याशाने काय होतंय!

पेनाया आणि वाइसाके आते-मामेभाऊ. आमच्याकडे या नात्यात एकमेकांची टर उडवली नाही तर लोकांना वाटतं भांडण झालंय.

"काय रे, हल्ली मासे बरे गावतात तुला?" वाइसाके विचारायचा.

"तुझ्यासारखा आळशी नाही मी. बंदीच्या पार पलीकडे जातो, खोल पाण्यात."

"खोल? तुझे तर गुडघेही कोरडे आहेत!"

"आणि तुझ्या केसांत मीठ कसलं? रडून रडून आलं का?"

दोघे पोट धरून हसायचे. माझ्याकडे मात्र दोघेही बघायचे नाहीत.

सुतक फिटायचा दिवस उजाडला. लाकडी नगारा वाजला. चटया अंथरल्या, भट्टीत अळकुड्या गेल्या. फुलाफुलांचा झगा घालून वासेमाथा किनाऱ्यावर आली, कपाळावर हात धरून दूर बांधाकडे बघत राहिली.

"खांब कुठाय?"

मी तिच्या पायाशी होतो. माझ्याभोवती घोटाभर पाणी आणि दोन खेकडे.

रीत ती रीत. पाद्रीबाबांनी डोळे मिटून बंदी उठवली, चौघांनी जाळं टाकलं. एक समुद्रकाकडी निघाली आणि कोणाची तरी चप्पल.

रातू इसिकेलींच्या जेवणाला गावाने डब्यातले मासे खाल्ले, टोमॅटोच्या रसातले. वासेमाथाने स्वतः वाढले. "घ्या, पोटभर खा, माझ्या भावाचा मान आहे," असं ती प्रत्येकाला म्हणत होती. मला तेव्हा खरंच वाईट वाटलं. एकही टोमणा सुचेना.

जेवणं झाल्यावर ती घरात गेली आणि काळे कपडे घालून परत आली. माझ्या बुडाशी वाळू पायाने घट्ट दाबली.

"सुतक फिटलेलं नाही. माझ्या भावाचं जेवण अजून व्हायचंय. तोवर खांब असेल तिथपर्यंत बंदी. आणि आता खांब आहे का, हे मी कोणाला विचारणार नाही. रोज येऊन हात लावून बघीन."

"पण आई, खांब तर..." पेनाया चाचरला.

"खांबाचं काय? ताठ उभा आहे की."

दुसऱ्याच पहाटे पेनाया आला. मी म्हटलं, आता काय, मला थेट माडांत रोवतोस? त्याने मला उचललं आणि बांधाच्या दिशेने नेऊन रोवलं. मग वाइसाके आला. पाद्रीबाबाही आले, या खेपेला प्रार्थना विसरून. तेच चोरपावलांनी येणं, तेच कोणी बघत नाही ना म्हणून मान वळवणं. आणि प्रत्येकाला अजूनही वाटतंय, आपण एकट्यानेच सरकवला.

माणसांनो, माझं एवढंच मागणं आहे: मला सरकवल्याशिवाय तुम्हांला चैन पडत नसेल तर सरकवा, पण याच दिशेने.

वासेमाथा रोज येते. आधी तिचे घोटे भिजायचे, मग गुडघे. काल पाणी छातीला लागलं. माझ्या अंगावर थाप मारून म्हणाली, "मेल्या, केवढं चालवतोस म्हातारीला!" आणि भाऊ गेल्यापासून पहिल्यांदा हसली.

आता तिला होडी लागणार. वल्हवायला पेनायाला सांगितलंय.