भांड्यांवरचं नाव

बेल दाबली आणि मग माझं मलाच हसू आलं. आत माणूस नाही, दीड वर्ष घरात वीज नाही, आणि मी आपली बेलवर बोट ठेवून उभी. तेवढ्यात लिफ्टमधून सुचिता बाहेर आली.

"मावशी, चावी माझ्याकडंय. तुमी बेल कुणासाठी वाजवताय?"

"सवय गं," मी म्हटलं.

सुचिता म्हणजे प्रीतमची बायको आणि प्रीतम हा हिरामणचा मुलगा. मी हिरामणची कोण, ह्याच्यावरच बेलापूरच्या कोर्टात दावा चाललाय. लग्नाची बायको असते तर त्याचं नाव घेतलं नसतं. ती नव्हते, तेव्हा घेते. हिरामण. वीस-बावीस वर्षं मी त्याचं घर केलं, त्याचं आजारपण काढलं, शेवटचं पाणी त्याच्या तोंडात मीच घातलं. जाण्याआधी त्याने मृत्युपत्र केलं. खांदेश्वरचा हा फ्लॅट प्रीतमला, घरातलं सगळं सामान वेणूबाईला. बिचाऱ्याला वाटलं, दोघांचं भलं केलं.

तेरावं झालं आणि प्रीतमने घराला कुलूप घातलं. मृत्युपत्र खोटं आहे म्हणाला. मी बुद्धाची मूर्ती तेवढी पदरात घेतली आणि नेरूळला आकाशकडे, माझ्या भाच्याकडे गेले. त्याच्या गॅलरीत माझी वळकटी असते. इकडे विजेचं बिल कोणी भरायचं ह्यावर वकिलांची पत्रं झाली, भरलं कोणीच नाही, शेवटी मीटर गेला. आता कोर्टाने एक साहेब नेमले होते. ते येऊन घरातली एकेक वस्तू बघणार, कुणाची आणि किती किमतीची ते लिहिणार.

माझ्या वकीलबाई संघमित्रा, त्यांनी मला बजावलं होतं. "वेणूबाई, हिरामणचं होतं तेवढंच तो तुम्हाला देऊ शकतो. मुलाच्या आईचं जे निघेल ते मुलाचं. तुम्ही फक्त हजर राहा. हात लावू नका, धूळसुद्धा राहू द्या."

धूळ राहू द्या म्हणे. परका माणूस माझ्या स्वयंपाकघरात येणार, नाकाला रुमाल लावणार, आणि मी बघत उभी राहणार? मी सकाळीच सुचिताला फोन केला होता.

"साफ करायचं तर करा," ती दार उघडून म्हणाली. "पण बाहेर काय नेऊ नका हां. वॉचमनला सांगून ठेवलंय. आमी साहेबांना घेऊन दुपारी येतो." वास तिच्या नाकाशी आला तशी ती परत लिफ्टमध्ये शिरली.

वास फ्रिजचा होता. मीटर नेला तेव्हा आत काय होतं ते कोणी काढलंच नव्हतं. मी नाकाला पदर बांधला आणि सगळं उपसलं. कोपऱ्यात हिरामणच्या औषधाची बाटली होती, तिच्याखाली मी त्याच्यासाठी केलेल्या पेजेचं भांडं. पेज काळी ठिक्कर पडली होती. त्याने दोन घास खाऊन "मग खातू" म्हणून ठेवायला लावली होती. मी ते भांडं घेऊन मोरीत बसले आणि बराच वेळ उठलेच नाही.

ऑक्टोबरचा उकाडा, पंखा नाही. पुढच्या खोलीत निदान खिडकीचा उजेड होता. स्वयंपाकघराची खिडकी डक्टात उघडते, तिथे भरदुपारीही दिवा लागायचा. मी मेणबत्ती लावली. पुसायला फडकं शोधलं तर एक नाही. दाराच्या मागे खिळ्याला माझं जुनं सुती पातळ तसंच लटकत होतं, कुलूप लागलं त्या दिवशी राहिलेलं. तेच टराटरा फाडलं.

मग भांडी काढली. तांब्याचा हंडा, कळशी, पितळेची पातेली, परात, स्टीलची ताटं, डब्यांची उतरंड. तांब्या-पितळेवर काळं बसलेलं, स्टीलवर तेलकट धुळीचा थर. बरणीत जुनी चिंच होती, दगडासारखी. ती भिजवली, मीठ घेतलं आणि मेणबत्तीच्या उजेडात एकेक भांडं घासायला बसले. दिसत फारसं नव्हतं, हाताला कळत होतं. घासता घासता अंगठ्याखाली नाव लागायचं, बारीक खरखर. सौ. सरस्वती हिरामण भोईर. प्रत्येक भांड्यावर तेच.

सरस्वती म्हणजे हिरामणची बायको, प्रीतमची आई. तिने ह्या फ्लॅटचा उंबराही पाहिला नाही. ती गेल्यावर वर्षभराने मी स्वयंपाकाला आले आणि राहिले. प्रीतम तेव्हा कॉलेजात जाणारा पोरगा. माझ्या हातचं खायचा नाही. मी परभणीकडची, माझी जात काय ते त्याच्या आत्यांनी त्याला नीट समजावलं होतं. जेवायची वेळ झाली की उठून गावात काकीकडे जायचा, तिथे मिळालं तर मिळालं. पोराच्या गालाची हाडं दिसायला लागली. आईची भांडी म्हणावीत तर तीही घरात नव्हती, आत्यांनीच वाटून नेली होती.

मी माझी कानातली मोडली आणि पनवेलला भांडेवाल्याकडे गेले. दोन ताटं, वाट्या, एक पातेलं. त्याने नाव घालायचं मशीन हातात घेतलं आणि विचारलं, "नाव काय टाकू?" मी सांगितलं, सौ. सरस्वती हिरामण भोईर. "तारीख?" म्हटलं, तारीख नको.

घरी हिरामणला सांगितलं, तुम्ही पोराला असं असं म्हणा. त्याने ऐकून घेतलं आणि तो प्रीतमला म्हणाला, "आत्याकरना परत आनलीत. तुजे आयची हायेत." त्या रात्री जवळ्याचं कालवण होतं, तांदळाची भाकरी होती. पोराने ताटावरच्या नावावरून बोट फिरवलं आणि जेवायला बसला. तीन भाकऱ्या खाल्ल्या. मी दाराआड तोंडात पदर कोंबून रडले.

मग सवयच लागली. दर दिवाळीला एक नवं भांडं आणि त्याच्यावर तिचं नाव. मला त्याने कधी हाक मारली नाही, ना वेणूबाई ना मावशी. "जेवन हाय का?" एवढंच. मला तेवढं पुरत होतं.

तर मी घासत होते आणि मनातून खूश होते, खोटं कशाला बोलू. ही भांडी विकून मला माड्या बांधायच्या नव्हत्या. आकाशच्या गॅलरीत ती मावलीही नसती. मला एवढंच हवं होतं, की कोर्टाच्या कागदावर एकदा लिहिलं जावं, हे स्वयंपाकघर वेणूबाईचं. बाकी कुठल्या कागदावर मी नव्हतेच.

साहेब आले. वयस्क, सभ्य माणूस. घामाने शर्ट पाठीला चिकटलेला, तरी दारात चपला काढल्या. मागे प्रीतम आणि सुचिता.

"टीव्ही चालू आहे का?" साहेबांनी विचारलं.

"लाइट नाय ना साहेब," सुचिता म्हणाली.

"मग चालू की बंद, सांगता येत नाही." त्यांनी तसंच लिहिलं. फ्रिजचं तसंच, गिझरचं तसंच. कपाट, पलंग, हिरामणची आरामखुर्ची. खुर्चीची किंमत त्यांनी काहीच धरली नाही, वेत फाटला होता.

मग स्वयंपाकघराच्या दारात ते थांबले. "फार स्वच्छ ठेवलंय हो," म्हणाले. माझी छाती अशी भरून आली. त्यांनी मोबाइलची बॅटरी लावली आणि मांडणीवर तिरका उजेड टाकला.

त्या अंधारात एकेक अक्षर उठून दिसलं. हंड्यावर, कळशीवर, ताटांवर, डब्यांवर. घासून घासून मीच लखलखीत केलं होतं.

"सौ. सरस्वती हिरामण भोईर," साहेबांनी वाचलं. पुढचं भांडं, पुढचं भांडं. "सगळ्यांवर हेच नाव आहे."

"माजी आय," प्रीतम म्हणाला. त्याने एक ताट उचललं, तेच पहिलं, आणि दोन्ही हातांनी छातीशी धरलं.

वकीलबाई काय म्हणाल्या होत्या ते तेव्हा कुठे माझ्या डोक्यात शिरलं.

"साहेब, भांडी माझी हायत," मी म्हटलं. "नाव म्याच घालून घेतलंय. सरस्वतीबाई तवा हयात बी नव्हत्या."

"पावती आहे?"

"भांड्याची पावती कोण ठेवतंय साहेब?"

"मग तिचं नाव कशाला घातलंत? स्वतःचं का नाही?"

मी प्रीतमकडे बघितलं. गप्प बसावं असं एकदा वाटलं, पण बसवेना. "ह्यो जेवत नव्हता," मी म्हटलं. "माझ्या हातचं, माझ्या भांड्यात. म्हणून."

प्रीतम माझ्याकडे बघत राहिला. एवढ्या वर्षांत त्याने माझ्याकडे असं सरळ बघितलं नव्हतं. "बाबा बोलले व्हते, आत्याकरना आनली."

"म्याच बोलाया लावलं होतं."

"मंग मी कोनचे ताटान जेवलो?"

"माझ्या," मी म्हटलं.

त्याने ताट खाली ठेवलं. सावकाश ठेवलं, आपटलं नाही. आणि दोन्ही हात पँटला पुसले.

सुचिता दुसरीकडे बघायला लागली. मग प्रीतमच बोलला, माझ्याकडे न बघता. "लिवा साहेब. आयचीच हायेत. ही कायपन बोलतं."

"बाई," साहेब मला म्हणाले, आणि त्यांना वाईट वाटत होतं हे मला दिसत होतं, "मी दिसतं ते लिहितो. नाव दिसतंय."

काल आले असते तर दिसलं नसतं. हे मी मनात म्हटलं. त्यांनी लिहून घेतलं, सगळं स्वयंपाकघर सरस्वतीच्या नावावर. शेवटी हजर असलेल्यांच्या सह्या घ्यायच्या होत्या. प्रीतम, मुलगा. सुचिता, सून. मग पेन माझ्याकडे वळलं.

"तुमचं काय लिहू? मयताशी नातं?"

मी प्रीतमकडे बघितलं नाही. सुचिताचा घसा खाकरल्याचा आवाज आला. साहेब वाट बघत होते, घाम त्यांच्या हनुवटीवरून कागदावर पडत होता.

"घर साफ करायला आले होते, असं लिहा," मी म्हटलं आणि सही केली.

खाली गेटवर शिवा वॉचमन होता. हिरामण असताना बाजारातून येताना माझ्या हातातली पिशवी तोच लिफ्टपर्यंत आणायचा. आज त्याला मान वर करवेना.

"मावशी, पिशवी बगावी लागंल. सांगितलंय."

"बघ की. तुझा काय दोष."

त्याने पिशवी उघडली. उरलेली मेणबत्ती होती आणि एक ओला बोळा, चिंचेने आणि काळ्याने माखलेला. त्याने तो दोन बोटांनी वर धरला, तेव्हा पातळाचा काठ सुटून खाली लोंबला.

"ह्ये कुनाचं?"

"माझं," मी म्हटलं.

त्याने ते नीट घडी करून पिशवीत ठेवलं आणि गेट उघडलं.