बियाण्याची पाखरं

सकाळी शालिकरामने आतल्या खोलीचं दार उघडलं, तेव्हा पाखरं जमिनीवर उताणी पडली होती. आढ्याला टांगलेल्या रेशमाच्या कोशांच्या माळांखाली पंख फडफडत होते आणि पाय थरथरत होते. कोशातून निघालेल्या पाखरांनी रात्री माळेवर जोडीने बसायचं, मग माद्यांनी अंडी घालायची आणि त्यांतून निघालेले किडे रानातल्या ऐनाच्या झाडांवर चढवायचे, हा त्याच्या घरचा आजापणजापासूनचा क्रम. बियाण्याचे हे कोश त्याने मागच्या हंगामात एकेक पारखून राखले होते. दुपारपर्यंत जी नवी पाखरं बाहेर आली, तीही माळेवर जराशी चालली आणि खाली पडली.

शालिकराम जातीचा ढिवर. ढिवराने मासोळी सोडायची म्हणजे हलवायाने साखर सोडण्यासारखंच. पण घरात बियाणं टांगलं की तो मासोळी सोडी, दाढी करत नसे, अंथरूणही वेगळं टाकी. यात चूक झाली तर देवी बियाणं नेते, असं बापाने सांगितलेलं. आणि चूक झाली होती. मागल्या आठवड्यात साळ्याच्या घरी ताटात मासोळीचा रस्सा आला आणि नको नको म्हणत त्याने भुरकला होता.

"माह्या जिभेनं घात केला," तो बायकोला, भागीरथाला म्हणाला. "आता मी किड्याले हात नाई लावत. कधीच नाई."

भागीरथाने खूप समजावलं, पण तो ऐकेना. ज्या कामात हयात गेली, त्यातून माणूस स्वतःला असा हाकलून देतो, हे बघवत नव्हतं.

चुलीपुढे बसलेली सून, पिंकी, हातातला चहा तसाच धरून हे ऐकत होती. ती गोंदियाशेजारच्या फुलचूरची, किड्यांचं काम कधी न पाहिलेली, सासरचा हा पहिलाच पावसाळा. गोठा भिंतीला लागून, घरात फणस पिकलेला, माश्यांना नुसता ऊत आलेला. नवऱ्याने गोंदियाहून फवाऱ्याचा डबा आणून दिला होता. आदल्या दुपारी म्हातारा-म्हातारी रानात गेलेली बघून तिने तो घरभर मारला, डब्यावर लिहिल्याप्रमाणे दारं-खिडक्या लावून घेतल्या आणि मग मेलेल्या माश्या सुपलीभर झाडून टाकल्या. डब्यावर चित्र माशीचं होतं, पाखराचं नव्हतं. बारावीपर्यंत शिकलेली पोर, पण चित्रावर विश्वास ठेवण्याइतकी भोळी.

गप्प राहिली असती तर कोणाला कळलंही नसतं. देवीच्या नावावर खपलेलं देवी थोडीच नाकारायला येते? पण दुसऱ्या दिवशी म्हातारा दाढी करायला निघाला. दाढी केली म्हणजे व्रत मोडलं, सगळंच संपलं. तेव्हा मात्र पिंकीला राहवेना. डबा घेऊन ती ओसरीवर आली आणि तिने त्याला थांबवलं. फणसाच्या सालीवर माशी बसली होती. तिच्यावर तिने फवारा मारला.

माशी उडाली, भिंतीवर आपटली आणि उताणी पडली. भोवऱ्यासारखी जागच्या जागी फिरली. मग पाय थरथरत राहिले. शालिकराम तिच्याजवळ उकिडवा बसला. त्याला ही थरथर ओळखीची होती.

"हे औषध अंगाले लागलं का नसांत जाते, मामाजी," पिंकी म्हणाली. "मग नस बंदच नाही होत. पाय चालू, पंख चालू, मरेपर्यंत. माळेवर पडलेलं पायाले बी लागते, म्हणून नवीन निघालेले बी गेले. तुमच्या खाण्यानं काही नाही झालं. मीच मारला तिथं फवारा."

एवढं बोलून ती रडायला लागली. भागीरथाने कपाळाला हात लावला. माशी निपचित झाली, तेव्हा शालिकरामने मान वर केली.

"म्हंजे देवी नाई?"

"नाही."

सून शिव्यांची वाट बघत होती. म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर आधी दिसली ती सुटका. मग बियाणं आठवलं आणि त्याचे डोळे भरून आले.

"मले वाटलं, माह्या हातातूनच किडे गेले," तो म्हणाला. "तुले काय माहीत, पोरी? आमी कोणी सांगतलंच नाई."

माळा त्याने स्वतः उतरवल्या आणि गावाबाहेर नेऊन पुरल्या. हंगामाला दुसरं बियाणं मिळण्यासारखं नव्हतं. रानात त्याच्या वाट्याच्या ऐनांना कोवळा पाला फुटला होता, अगदी किड्यांना हवा तसा. शेजारच्या रामलालच्या पाखरांची अंडी फुटली आणि त्याची झाडं किड्यांनी भरली, तेव्हा शालिकराम आपणहून त्याच्याकडे गेला.

"माह्या झाडायवर बी तुहे किडे सोड. पाला वाया कायले जाऊ द्याचा?"

रामलालने किडे सोडले, आणि त्यांची राखण शालिकरामने न सांगता अंगावर घेतली. उजाडल्यापासून तो झाडांखाली असे. पिंकी दुपारचं जेवण घेऊन जाई. एकदा तिने भीतभीत विचारलं, यांत आपला एखादा तरी किडा असेल का. शालिकरामने फांदीवरच्या हिरव्यागार किड्यांकडे बघितलं आणि नाही म्हणून मान हलवली. तेवढ्यात कावळा उतरताना दिसला. ताट तसंच ठेवून तो ओरडत त्याच्यामागे धावला.