काटा फुललेला हलवा

पौषातली पहाट. कृष्णेच्या पाण्यावरून धुकं उठत होतं, शुभ्रशीतल, मंदमंथर, जणू नदीच अंगावरची दुलई हळूहळू दूर सारत होती. पांडवगडाच्या खांद्यावर ऊन अजून आलं नव्हतं. आली होती फक्त त्याच्या येण्याची केशरी कुणकुण. आणि थंडी! अशी कोरडी, अशी करकरीत, अशी काचेसारखी निर्मळ, की श्वास घेतला तर छातीत किणकिणावी.

ही थंडी वाईतल्या एका मुलीने देवाकडे हट्टाने मागून घेतली होती.

मृण्मयीने. वय पंधरा, इयत्ता नववी, बोटांच्या टोकांना साखरेचा पाक. हलव्याला काटा यायचा तर हवा कोरडीच हवी. आभाळ भरलं की हलवा रुसतो, गुळगुळीत, मुखदुर्बळ राहतो. दरवर्षी ती आईशेजारी बसून नुसती बघायची. या वर्षी परात तिची, शेगडी तिची, पाक तिचा. 'मला येतं' हे दोन शब्द तिला नुकतेच गवसले होते, आणि नव्या पैंजणांसारखे ते ती घरभर वाजवत फिरत होती.

दागिने घडायचे होते रेवासाठी. रेवा म्हणजे काकूची सात महिन्यांची लेक. तिची ही पहिली संक्रांत, आणि आज संध्याकाळी पाच वाजता तिचं पहिलं बोरन्हाण. काळं झबलं, त्यावर हलव्याचे धवल दागिने, आणि डोक्यावरून बोरांचा, चुरमुऱ्यांचा, उसाच्या तुकड्यांचा पाऊस.

आणि घडवायला मदतीला होता विहंग. रेवाचा पाच वर्षांचा दादा.

इथेच घराचा श्वास अडखळत होता.

दिवाळीत विहंगने पाळण्यात खुळखुळा भिरकावला होता. रेवाच्या उजव्या भुवईवर नखाएवढी चंद्रकोर उमटली होती, ती अजून पुसली नव्हती. रागाने भिरकावला की खेळता खेळता, कुणी विचारलंच नाही. तेव्हापासून तो पाळण्याकडे निघाला, की काकूचा हात त्याच्याआधी पोचायचा. ओरडा नाही, रागावणं नाही. नुसता हात. मध्ये आडवा.

आणि दाराआड उभी होती एक निळी पिशवी. तिच्यात विहंगचे कपडे, घडीवर घडी, घडीवर घडी. उद्या सकाळच्या गाडीने त्याला आजोळी कऱ्हाडला धाडायचं होतं. रेवा चालायला लागेपर्यंत.

"काकू, थांब ना गं," मृण्मयी म्हणाली होती. "त्याच्या हातचे दागिने आधी रेवाच्या अंगावर बघ. मग ठरव काय ते. पैज!"

"पैज कसली लावतेस, बाई? ते दागिने त्याच्या हातात टिकतील तरी का?"

"टिकतील. मला येतं."

"तुला येतं गं," काकू म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. रात्ररात्र जागलेल्या आईचा शीण होता. "त्याचं काय?"

दोन दिवस शेगडी मंद जळत होती. पितळी परातीत तीळ, तिळांवर चमचाभर पाक, आणि मग बोटं. फिरती, फिरवती, अखंड, अविश्रांत. पाक जास्त झाला की दाण्यांचा गठ्ठा. आच वाढली की दाणे पिवळे. एक थेंब, एक फेर. एक थेंब, एक फेर. पहिल्या दिवशी तीळ नुसते धुरकट झाले. दुसऱ्या दिवशी गोलसर, गोबरे. आणि आज, तिसऱ्या दिवशी, त्या काचनिर्मळ पहाटे,

काटा!

दाण्यादाण्यावर इवली इवली शिखरं. हिमधवल, सूचिसूक्ष्म, तेजाळ. परातभर चांदण्या, आणि प्रत्येक चांदणीला स्वतःची टोकं.

"विहू! ए विहू! काटा आला! हात लावून बघ तरी!"

विहंगने बोट टेकवलं आणि झटकन मागे घेतलं. "ताई, टोचतं."

"मग? टोचायलाच हवं, वेडोबा! काट्याशिवाय कसला हलवा? साबुदाणा म्हणतील त्याला." ती हसली, परात मिरवत आईकडे धावली, आजीच्या फोटोपुढे दोन दाणे ठेवून आली.

विहंग हसला नव्हता. पण मिरवणाऱ्यांना मागे वळून बघायला सवड कुठे असते?

दुपारभर दोघं गुंफत बसली. तो एकाच आकाराचे दाणे निवडून द्यायचा, ती दोऱ्यात बांधायची. दाणा, गाठ. दाणा, गाठ. हार झाला. बांगड्या झाल्या. काळ्या मखमलीच्या पट्टीवर शुभ्र मुकुट उभा राहिला, मधोमध एक लवंग. आणि सगळा वेळ मृण्मयीचा एक डोळा दोऱ्यावर होता, दुसरा विहंगच्या मुठींवर. एकदा एक दाणा त्याच्या बोटांत चुरला. इतकासा आवाज. पण दोघांनीही एकदम दाराकडे पाहिलं, जिथे ती निळी पिशवी उभी होती.

चार वाजले. ऊन भिंतीवरून उतरू लागलं, पिवळं, पातळ, घाईत असल्यासारखं. आईची काळी चंद्रकळा नेसायला मृण्मयी आतल्या खोलीत गेली.

"निऱ्या घालून आलेच हं. हात नको लावूस कशाला."

निऱ्यांनी दगा दिला. पाच मिनिटांची वीस मिनिटं झाली. आणि मग भिंतीपलीकडून तो आवाज आला.

खर्र. खर्र. खर्र.

बारीक, कोरडा, न थांबणारा. उंदीर कागद कुरतडतो तसा. मृण्मयीच्या हातातून पदर सुटला.

तिने दार ढकललं. चटईवर विहंग पाठमोरा बसला होता. मांडीत मुकुट. भोवती पांढरी भुकटी, चटईवर, गुडघ्यांवर, चड्डीवर, जणू त्याच्यापुरतंच हिम पडलं होतं. हार गुळगुळीत. बांगड्या गुळगुळीत. तीन दिवसांची थंडी, तीन दिवसांचे फेर, सगळी शिखरं सपाट. मुकुटावर शेवटची एक ओळ उरली होती, आणि तिच्यावर त्याचा अंगठा घासत होता.

खर्र. खर्र.

"विहू..." तिने हाक मारली.

मागे बांगड्या वाजल्या. काकू दारात होती. कडेवर रेवा, काळ्या झबल्यात, काजळभरल्या डोळ्यांची. काकूने भुकटी पाहिली. दागिने पाहिले. मग तिची नजर हळूच, अगदी हळूच, पिशवीकडे वळली.

"बघितलंस?" ती एवढंच म्हणाली.

मृण्मयीचे 'मला येतं' हे शब्द कुठे पळाले होते, कोण जाणे. रागाने तिचा हात उचलला गेला, आणि तो हवेतच थबकला.

कारण विहंगने मान वर केली होती. त्याची दहाही बोटं लालबुंद झाली होती. अंगठ्यावरचं कातडं सोलवटलं होतं, आणि त्यावर साखर चरचरत होती.

"थांब ना ताई," तो घाईघाईने म्हणाला. "थोडेच राहिलेत. हे तिला टोचले असते ना. मग ती रडली असती. मग परत सगळे म्हणाले असते, विहूनेच केलं."



सकाळचा तो एक शब्द मृण्मयीला आता ऐकू आला. टोचतं. त्याने सांगितलं होतं. तिने परात मिरवली होती. चंद्रकळेसकट ती चटईवर, भुकटीत, मटकन बसली, आणि मुकुटाची उरलेली ओळ स्वतःच्या अंगठ्याने घासू लागली. टोचत होतं. खरंच टोचत होतं.

काकूने रेवाला मृण्मयीच्या मांडीवर दिलं. दाराआड गेली. निळ्या पिशवीची चेन करकरत उघडली. एक घडी निघाली, दुसरी निघाली, तळाशी सापडला विहंगचा काळा सदरा. पण काकू तिथे थांबली नाही. ती काढतच राहिली, मोजे, टोपी, स्वेटर, एक एक, एक एक, पिशवी पोटातून मोकळी होऊन जमिनीवर लवंडेपर्यंत.

"हात पुढे कर, राजा," ती म्हणाली. सदऱ्याच्या बाह्यांतून तिने ती लाल बोटं फार जपून बाहेर काढली. आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच तिचा हात आडवा आला नाही.

पाच वाजले. आळीतली पोरं जमली. पाटावर रेवा, गळ्यात बिनकाट्याचा हार, माथ्यावर बिनकाट्याचा मुकुट, मोत्यांसारखा मवाळ, दुधासारखा शांत. कुणीतरी शेजारीण कुजबुजली, "अगं बाई, यंदा काटा नाही आला वाटतं?"

"आला होता," मृण्मयी म्हणाली. "फार सुंदर आला होता."

माप उपडं झालं. बोरं उधळली, चुरमुरे उधळले, उसाचे तुकडे उधळले. पोरांचा गलका छताला भिडला. आणि त्या सगळ्या गोड, गडगडत्या, टणटणत्या वर्षावात पाटामागे विहंग उभा होता, टाचा उंचावून, श्वास रोखून, रेवाच्या माथ्यावर आपले दोन्ही लाल तळवे पसरून.

बोरं पडत होती. त्याच्या हातांवर पडत होती. खाली रेवा हसत होती.