मी दहा सेकंद उशिरा दाखवतो

मी एक जुना वेबकॅम आहे. घाना देशातल्या अक्रा शहरात, समुद्राकाठच्या बुकोम वस्तीत, बॉक्सिंगच्या आखाड्यात मी खिळ्याला टांगलेला असतो. मित्रांनो, मी जे पाहतो ते दहा सेकंद उशिरा दाखवतो, आणि याचा मला अभिमान आहे.

आधी मी एका इंटरनेट कॅफेत होतो. परदेशी गेलेल्या नवऱ्यांना बायका माझ्यातून तान्ही बाळं दाखवत. कॅफे बंद पडला आणि मी खोक्यात गेलो. तिथून मला कोच क्वाटे यांनी उचललं. माझं चित्र थोडं थांबून पडद्यावर यावं, अशी सोय त्यांच्या मुलीने संगणकात केली. ठोसे मारताना स्वतःकडे बघता येत नाही. आता खेळाडू ठोसे मारून पडद्यापाशी येई आणि स्वतःला पाही. पोरं मला चिडवत, "हा आधी केंके खातो, मग कामाला लागतो." केंके म्हणजे आमच्याकडचे मक्याच्या पिठाचे उकडलेले गोळे.

त्यातल्या ओदार्ते नावाच्या पोराचा डावा ठोसा सुरेख होता. पण मध्येच तो हात पाठीमागे जाई.

कोच म्हणाले, "शनिवारच्या लढतीत असा हात गेला तर जबडा फुटेल. आज सुधार, नाहीतर तुझ्या जागी दुसरा उतरेल."

"जात नाही हो, कोच. तुम्हाला भास होतो."

"मग मार ठोसे, आणि चल, पडद्यावर बघू."

ओदार्ते ठोसे मारून पडद्यापाशी आला. तो मारत असतानाच त्याची आजी कोरकोर रोजच्यासारखी केंकेची टोपली घेऊन आत आली होती. तीही पडद्यापाशी आली. पडद्यावर ओदार्ते दणादण ठोसे मारत होता. मग दारात आजी दिसली, आणि त्याचा डावा हात झटकन पाठीमागे गेला.

आजीच्या लगेच लक्षात आलं. मोठ्यांसमोर डावा हात पुढे करायचा नाही, हे तिनेच त्याला शिकवलं होतं.

"गाढवा, इथे मारामारी करतोस की मला मान देतोस?"

"मुद्दाम नाही गं आजी. आपोआप जातो."

आजीने टोपली खाली ठेवली आणि तळहात पुढे केला. "मार डाव्याने. आखाड्याच्या दोरांच्या आत डावा हात उद्धट नसतो."

पहिला ठोसा घाबरत आला. पुढचे नीट आले. मी ते सगळे दाखवले. कोचनी त्याचं नाव कायम ठेवलं.

रविवारी आजी आली.

"जिंकला. एकदासुद्धा हात मागे गेला नाही. मी समोरच बसले होते. आणि घरी येऊन मला पाणी दिलं तेही डाव्या हाताने. मग खाल्ली चापट."

कोच खूप हसले. मग मऊ फडक्याने त्यांनी माझी काच पुसली.

मित्रांनो, तुमच्या घरातही कोणाला उशीर लागत असेल, वस्तूला किंवा माणसाला. त्याला अडगळीत टाकू नका. त्याच्यासमोर थोडा वेळ थांबा.