पाहुण्यांचा मायक्रोमीटर

सिन्नरहून येणारे मायक्रोमीटर झिजत नाहीत, हे संजना पगारेच्या लक्षात येऊन बरेच दिवस झाले होते. तिने त्याचा अर्थ लावला नव्हता. माणसं काळजी घेत असतील, असं म्हणून ती पुढच्या कामाला लागे.

नाशिकच्या अंबड भागातली तिची जागा दोन खोल्यांची. बाहेर तिच्या मदतनीस तेजलचं टेबल आणि कॉम्प्युटर. आतल्या खोलीत तापमान कायम वीस अंशांवर ठेवलेलं, आणि मधोमध ग्रॅनाइटची जाड पाटी. ती पाटी संजनाने एका बंद पडलेल्या कारखान्याच्या लिलावातून घेतली होती आणि खोलीत आणताना दाराची चौकट काढावी लागली होती. छोटे वर्कशॉपवाले आपली बारीक मापं घेणारी उपकरणं, मायक्रोमीटर, व्हर्नियर, गेज, वर्षातून एकदा तिच्याकडे पाठवत. आलेलं उपकरण रात्रभर पाटीवर पडून राही, म्हणजे बाहेरची उष्णता त्यातून निघून जाई. सकाळी ती ते प्रमाण मापाशी ताडून बघे आणि दाखला देई. हा दाखला नसेल तर मोठ्या कंपन्या छोट्यांचा माल घेत नाहीत.

जिल्ह्याच्या उद्योग कार्यालयातले सार्थक देवरे आले, तेव्हा ती आतच होती. तेजलने त्यांना बाहेर बसवून चहा दिला.

"फोनवर सांगण्यासारखं नव्हतं मॅडम, म्हणून आलो," ती बाहेर आल्यावर ते म्हणाले आणि त्यांनी टेबलावर एक नकाशा उलगडला. "सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीत छोट्या उद्योगांसाठी सामायिक तपासणी केंद्र करायचं चाललंय. इमारत, यंत्रं, सगळं सरकारचं. दर तुमच्या निम्म्याने."

"चांगलं आहे," संजना म्हणाली.

"तुमचं बरंचसं काम तिकडचंच ना?"

"बरंचसं."

"म्हणून स्वतः आलो." देवरेंनी बिस्किट चहात बुडवलं आणि तसंच धरून ठेवलं. "पुढच्या बैठकीत गरजेचा आकडा मांडावा लागतो. तिकडची उपकरणं तपासणाऱ्या तुम्ही एकट्याच. वर्षाला किती येतात, तेवढं लिहून द्या. आकडा लहान निघाला तर केंद्र दुसऱ्या तालुक्याला जाईल, त्यांचा प्रस्ताव तयारच आहे. मोठा निघाला तर सिन्नरला." बिस्किट तुटून कपात पडलं. "दोन्हीकडून अवघड प्रश्न विचारतोय, माहीत आहे मला."

ते गेल्यावर तेजल कप उचलत म्हणाली, "आपला चहा प्यायले, आपलं बिस्किट खाल्लं आणि आपलंच दुकान बंद करायचा कागद आपल्याकडेच मागून गेले. माणूस गोड आहे पण."

तिने लगेच कॉम्प्युटरवरून आकडा काढला. लहान होता. एवढ्यासाठी कुणी इमारत बांधली नसती.

"ताई, खोटं काहीच बोलायचं नाही. एवढंच येतं, एवढंच सांगायचं. आपलं काम पण राहतं आणि तुमची झोप पण."

संजनाने कागद घेतला. सिन्नरचं काम गेलं तर उरलेल्या कामावर जागेचं भाडं निघालं असतं, तेजलचा पगार निघाला नसता. कागदावरचा आकडा खरा होता. तिने तो दोनदा तपासला आणि फाइलमध्ये ठेवला.

दुपारी तिने नवनाथ आव्हाडचा मायक्रोमीटर दिव्याखाली घेतला. नवनाथचं सिन्नरला छोटं वर्कशॉप होतं, तो पंपांसाठी बुश, म्हणजे दांड्यावर बसणाऱ्या धातूच्या नळ्या, बनवून देई. सोडियमच्या पिवळ्या दिव्याखाली मायक्रोमीटरच्या तोंडावर सपाट काचेची चकती ठेवली की काळ्या पट्ट्या दिसतात. तोंड सपाट असेल तर पट्ट्या सरळ, झिजलं असेल तर वाकड्या. नवनाथच्या मायक्रोमीटरवर त्या आखल्यासारख्या सरळ होत्या. गेल्या वर्षीही तशाच होत्या, आणि त्याच्या आदल्या वर्षीही. शेजारी अंबडच्याच एका वर्कशॉपचा मायक्रोमीटर होता, त्याच कंपनीचा, त्याच्यापेक्षा नवा. त्याच्या पट्ट्या कमानीसारख्या वाकल्या होत्या.

काळजी कितीही घेतली तरी रोज वापरलेलं पोलाद झिजतं. संजना बराच वेळ काच हातात धरून बसली. मग तिने उद्याची कामं तेजलवर सोपवली.

दुसऱ्या दिवशी नाशिकरोडहून सिन्नरची बस घेऊन ती निघाली. मोहदरीचा घाट चढताना बस नेहमीसारखी हादरत होती. पर्समध्ये कापसात गुंडाळलेला पोलादी ठोकळा होता, नेमक्या मापाचा. ती पर्स तिने मांडीवर धरून ठेवली.

नवनाथचं वर्कशॉप पत्र्याच्या शेडमध्ये. दोन लेथ, एक ड्रिल, कोपऱ्यात तयार बुशांच्या पेट्या. तिला दारात बघून नवनाथ हात पुसत आला.

"मॅडम! तुम्ही सोता? आमचं काय चुकलं का?"

"नाही. तुमचा मायक्रोमीटर फार छान राहतो. कसा वापरता, ते बघायला आले."

लेथवर उभा असलेला सोमा मान न वळवता हसला. पन्नाशीचा माणूस, नवनाथच्या वडिलांच्या वेळेपासूनचा. "दाखव की नवनाथ. मला बी बघायचाय."

"तू जॉब बघ तुझा."

सोमाच्या हातात मायक्रोमीटर होताच. त्याचा हिरवा रंग अंगठ्याच्या जागी पार उडून खालचा धातू चमकत होता. संजनाने हात पुढे केला, सोमाने फडक्याला पुसून दिला.

"हा कुठला?"

"हा कामाचा," नवनाथ म्हणाला.

"आणि माझ्याकडे येतो तो?"

नवनाथने गणपतीच्या तसबिरीखालच्या लोखंडी कपाटाकडे बोट केलं. "तो परवा गेलाय तुमच्याकडं. एरवी तिथं असतो. तो पाहुण्यांचा."

संजनाने कपाटाकडे पाहिलं. नवनाथला समजावून सांगावंसं वाटलं.

"घरात कशा पाहुण्यांच्या कपबशा असत्यात, तसं हाय ते. ऑडिटवाले आले की काढायचा, तुमच्याकडं धाडायचा, आला की परत डबीत. कामाचा धाडला तर जीपनं जायला एक दिवस, तुमच्या पाटीवर एक रात, यायला एक दिवस. तवर सोमानं काय बोटानं मापायचं?"

"बाकीचे काय करतात?"

"ह्या लायनीत कुणालाबी इचारा. सगळ्यांच्या कपाटात पाहुणा हाय."

तिने पर्समधला ठोकळा काढून लेथशेजारच्या टेबलावर ठेवला, त्याच्याजवळ सोमाचा मायक्रोमीटर. दोन्ही एकाच तापमानाला यायला हवेत, म्हणून थोडं थांबू, असं ती म्हणाली. तेवढ्यात नवनाथने काचेचे कप काढायला लावून चहा मागवला. मग तिने सोमाला ठोकळा मापायला सांगितला. त्याने मापला आणि आकडा वाचला. ठोकळ्यावर कोरलेला आकडा निराळा होता. फरक केसाच्या जाडीपेक्षाही बराच कमी, पण बुश ढिला पडायला पुरेसा.

सोमाने पुन्हा मापलं. तेच आलं.

"म्हंजे कंपनीकडून मागचा लॉट परत आला, तो माझ्या हातामुळं नाय," तो म्हणाला.

नवनाथ कानामागे खाजवत उभा राहिला.

"चार माणसांत मला बोलला हा, मॅडम. म्हातारा झाला, नजर गेली म्हणाला," सोमाने सांगितलं.

"बरं, झालं की. आजचा चहा माझ्याकडून."

"चहावर नाय भागायचं. भजी सांग."

नवनाथने खरंच भजी सांगितली. खाताना त्याने विचारलं, "इथं सरकारी सेंटर यायचंय म्हणत्यात, खरं का?"

"ठरायचं आहे."

"शेजारी असलं तर कोण कशाला दोन-दोन ठेवील? पर सरकारी म्हंजे जाऊ तवा कुलूप असंल. तुम्हीच या ना हिकडं."

परतीच्या बसमध्ये तिला खिडकीजवळची जागा मिळाली. आजवर दिलेला एकही दाखला चुकीचा नव्हता. प्रत्येक आकडा तिने स्वतः वाचला होता. फक्त ज्या मायक्रोमीटरचा दाखला होता, त्याने कुणी बुश मापला नव्हता. तेजलने काढलेली संख्या पाहुण्यांची होती. कामाचे मायक्रोमीटर त्याच्या कितीतरी पट असणार, आणि त्यातला एकही कधी घाट उतरला नव्हता.

फाइलमधला कागद तसाच दिला असता तर कुणी काही विचारलं नसतं. शिंद्याचा टोलनाका येईपर्यंत ती त्याचाच विचार करत होती. त्यानंतर मात्र बैठकीत कोणतं वाक्य आधी बोलायचं, याचा विचार सुरू झाला.

बैठकीला देवरे होते, त्यांचे साहेब होते, आणि छोट्या कारखानदारांच्या वतीने चिमाजी बोडके होते. बोडके स्वतः सिन्नरला वर्कशॉप चालवत. त्यांनी चष्मा लावून संजनाचा कागद वाचला.

"एवढीशीच उपकरणं? मग कशाला केंद्र? सोडून द्या साहेब. आपल्याला रस्त्यावरचे दिवे द्या त्याऐवजी."

"आकडा बरोबर आहे," संजना म्हणाली. "पण ही सगळी न वापरलेली उपकरणं आहेत. वापरातली माझ्याकडे येतच नाहीत."

बोडकेंनी चष्मा काढला. "कुणी सांगितलं तुम्हाला?"

"त्यांना झीज नाही." तिने दोन छायाचित्रं टेबलावर ठेवली, सरळ पट्ट्यांचं आणि वाकड्या पट्ट्यांचं. काय दिसतंय, ते थोडक्यात सांगितलं. कुणाचंही नाव घेतलं नाही. "हे मला आधीपासून दिसत होतं. त्याचं कारण परवा कळलं. उपकरण नाशिकला पाठवलं की काम थांबतं, म्हणून लोक एक पाठवायला ठेवतात आणि दुसरं कामाला."

साहेबांनी बोडकेंकडे पाहिलं. बोडके पंख्याकडे बघत होते.

"तुमच्याकडेही आहे का हो?" साहेबांनी विचारलं.

"घर म्हटलं की पाहुणे आलेच साहेब," बोडके म्हणाले आणि स्वतःच हसले. मग ते संजनाकडे वळले. "पण बाई, केंद्र झालं तर पहिलं दुकान तुमचं बसेल. कळतंय ना?"

"कळतंय. सध्या मी कपाटातल्या वस्तू तपासते."

तिला अजून एक मुद्दा मांडायचा होता. तो मांडला नसता तर केंद्र चाललं नसतं आणि सिन्नरचं काम कदाचित तिच्याकडेच राहिलं असतं. बसमध्ये तेही तिच्या मनात येऊन गेलं होतं.

"नुसती इमारत बांधून भागणार नाही," ती म्हणाली. "केंद्र शेजारी असलं तरी उपकरण एक रात्र तिथे राहणारच. त्या वेळात लेथवर काय वापरायचं? केंद्राने बदली उपकरण द्यायला हवं, तपासलेलं. नाहीतर केंद्रातही पाहुणेच येतील."

देवरे लिहून घेत होते. साहेबांनी त्यांना तेवढा भाग पुन्हा वाचायला सांगितला, आणि केंद्र सिन्नरलाच करावं अशी शिफारस बदली उपकरणांच्या मुद्द्यासकट वर पाठवायचं ठरलं.

जिन्यात देवरेंनी तिला गाठलं. "मॅडम, केंद्र चालवायला कुणाला तरी द्यावं लागेल. निविदा निघेल. तुम्ही भरू शकता. मी शब्द देत नाही."

"मी मागितलाही नाही. तो नकाशा आहे का?"

त्यांनी तो भिंतीवर धरला.

"तपासणीची खोली रस्त्याच्या बाजूला नको. ट्रकची थरथर फरशीतून पाटीपर्यंत पोचते." तिने मागच्या कोपऱ्यावर पेन्सिलने खूण केली. "इथे. आणि खिडकी उत्तरेला."

पुढच्या आठवड्यात तिने लिलावातून पाटीबरोबर आलेली पेटी उघडली. आत जुने मायक्रोमीटर होते. त्यातले चांगले निवडून तिने साफ केले, तपासले, आणि कामाचा मायक्रोमीटर आणा, तोवर बदली न्या, असा सिन्नरच्या सगळ्यांना तेजलकरवी निरोप पाठवला. सरकारची शिफारस वर जाऊन खाली यायला वेळ होता, आणि बदली द्यायला इमारत लागत नव्हती.

पहिला नवनाथ आला, मोटारसायकलवर, सोमाचा मायक्रोमीटर फडक्यात गुंडाळून. तेजलने त्याला बदली मायक्रोमीटर दिला. त्याने तो उजेडात फिरवून पाहिला.

"पाडला तर?"

"तर तुम्हाला पाहुण्यांच्या कपात चहा मिळणार नाही," तेजल म्हणाली.

"तुमचा पाहुणा आता कामाला लावणार ना?" संजनाने विचारलं.

"बघू. अजून कपाटातच हाय. सवय मोडायला येळ लागतो, मॅडम." तो निघाला आणि दारातून पुन्हा वळला. "सोमानं सांगितलंय, नजर त्याची नाय, हेची तपासा."

तो गेल्यावर तेजल टेबलाशी येऊन उभी राहिली.

"ताई, केंद्र झालं की हे सगळे तिकडे जाणार."

"हो."

"निविदा नाही मिळाली तर?"

"दवाखान्यांमधली रक्तदाबाची यंत्रं कोण तपासतं, विचारून बघू."

तेजलने विचार केला. "त्यांच्या कपाटात पण पाहुणा असला तर?"

संजना हसली. नवनाथचा मायक्रोमीटर तिने पुसला, पाटीवर ठेवला आणि दार ओढून घेतलं.

सकाळी तो गार झाला होता. तिने पिवळा दिवा लावला, तोंडावर काचेची चकती ठेवली. पट्ट्या एका बाजूला पार वाकून कडेला एकमेकींत मिसळल्या होत्या. तिने तेजलला हाक मारली आणि तिला बघता यावं म्हणून स्वतः बाजूला सरकली.

"हे बघ," ती म्हणाली. "वापरलेलं."