चाकावर उरलेला एक

मी एक नट बोलतोय. नाटकातला नव्हे, चाकाचा. आम्ही पाच भावंडं एकाच कारखान्यात घडलो आणि एका नर्सबाईंच्या गाडीच्या पुढच्या डाव्या चाकावर बसलो. आमच्यावर चकचकीत झाकण. बाई रोज काच पुसायच्या, आरसे पुसायच्या; चाकाकडे मात्र त्यांनी कधी ढुंकूनही पाहिलं नाही. सात वर्षं आम्हालाही त्याचं काही वाटलं नाही.

परवा भर दुपारी रुग्णालयाच्या आवारात दोघं आले. अंगात मेकॅनिकचे निळे कपडे, हातात पाना. रखवालदाराने विचारलं, पंक्चर का? ते हो म्हणाले. त्या भल्या माणसाने मागच्या चाकाला टेकू म्हणून स्वतः वीट आणून दिली. एकेक करत माझी चार भावंडं त्यांच्या खिशात गेली. पाना माझ्यावर बसला, मी अर्धा फेरा फिरलो, तेवढ्यात मागे रुग्णवाहिका वाट मागू लागली.

"झाकण लाव. चाक उद्या नेऊ," एक जण म्हणाला.

"आणि बाईनं गाडी काढली तर?"

"आपल्या बापाचं काय जातंय?"

संध्याकाळी बाई आल्या, सोबत तपासणीला आलेले त्यांचे वडील. गाडी निघाली आणि चाक ठोके देऊ लागलं. टक्, टक्, टक्. वडिलांनी जन्मभर शिलाई मशिनं दुरुस्त केलेली. त्यांनी लगेच कान टवकारले. पण त्यांना रोजच कसला ना कसला आवाज येतो, कधी पंख्याचा, कधी नळाचा. बाईंनी हसून गाणी मोठी केली. पुढे उड्डाणपुलाचा उतार होता. माझे आटे सोलले जात होते. खोटं कशाला सांगू, मी पार घाबरलो होतो.

वडिलांनी गाणी बंद केली. "गाडी हळू झाली की ठोकाही हळू होतोय. चाकातच आहे. थांबव, नाहीतर मी उतरतो."

बाई चिडल्या, पण थांबल्या. झाकण काढलं, तर आत मी एकटाच. मग मात्र त्यांनी आणखी कशालाही हात न लावता फोटो काढले, पोलिसांना कळवलं, गाडी उचलून न्यायला माणसं बोलावली. रुग्णालयात फोन करून सगळ्यांना आपापली चाकं बघायला सांगितली. फोन रखवालदाराने घेतला होता; वीट आपणच आणून दिली, हे त्याने स्वतःहून सांगितलं.

आता मी पोलिसांच्या पाकिटात आहे. माझे आटे गेले; पुन्हा कुठल्या चाकावर बसणं नाही. ते दोघं अजून सापडलेले नाहीत. म्हणून हात जोडून सांगतो, निघण्याआधी गाडीभोवती एक चक्कर मारत जा, आणि कोणी आवाज येतोय म्हटलं तर त्याला हसू नका.

आज माझ्या शेजारी दुसरं पाकीट आलं. त्यातही एकच नट आहे. ती गाडी वेळेवर कोणी थांबवली नाही. मी त्याला अजून काही विचारलेलं नाही.