केसभर उंच
माझी खालची दाढ अर्धी तुटली तेव्हा नवऱ्याने ताटावरून मानही वर केली नाही. "काढून टाक. सवय होते," म्हणाला. त्याने स्वतःच्या सगळ्या दाढा अशाच घालवल्या आणि आता कवळी पेल्यात बुडवून ठेवतो. अडतीस वर्षांच्या संसारात त्याने मला हेच ऐकवलं. सासूबाईंच्या टोमण्यांची सवय होईल, सोडलेल्या नोकरीची सवय होईल. झालीही. पण दाढ माझी होती आणि तिची मुळं शाबूत होती.

दातांच्या डॉक्टरीणबाईंनी दुसरा मार्ग सांगितला. किडलेला भाग कोरायचा, दाढेचा साचा घ्यायचा, त्या मापाचा तुकडा बाहेरून घडवून आणायचा आणि खड्ड्यात पक्का चिकटवायचा. त्याला इनले म्हणतात. "या वयात कशाला हे नखरे?" नवरा म्हणाला. मी त्याच दिवशी जाऊन साचा देऊन आले.

आठवड्याने तुकडा बसला. डॉक्टरीणबाई हातमोजे काढत म्हणाल्या, "झालं, काकू."

"उंच लागतंय."

"जबडा बधिर आहे ना, म्हणून तसं वाटतंय. दोन दिवसांत सवय होईल."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दातओठ खावेत म्हटलं, तर ओठ जागेवर आहे की नाही तेच कळेना!

"नाही होणार," मी बोबड्या तोंडाने म्हणाले. "पुन्हा बघा. तोवर मी खुर्चीतून उठत नाही."

बाहेर चार माणसं खोळंबली होती. खोळंबू देत. जन्मभर मी सगळ्यांसाठी खोळंबले.

त्यांनी सुस्कारा सोडून दाढेवर निळा कागद ठेवला. "चावा." मी चावले. बाईंनी आरसा आत धरला. नव्या तुकड्याच्या एका कोपऱ्यावर निळा ठिपका गडद उठला होता. शेजारच्या दाढांना कागद लागलाच नव्हता.

"केसभर उंच आहे खरं. चुकलंच माझं," त्या म्हणाल्या. त्यांनी घासलं, कागद ठेवला, पुन्हा घासलं. चौथ्या वेळी सगळ्या दाढा एकाच वेळी टेकल्या आणि मला चक्क रडू आलं.

दुसऱ्या दिवशी जेवणानंतर मी मूठभर बदाम घेऊन नवऱ्यासमोर बसले आणि त्याच बाजूने एकेक फोडायला लागले.

"केवढा आवाज करतेस!" त्याने पेपर खाली ठेवला.

"सवय होईल," मी म्हणाले, आणि पुढचा बदाम दाढेखाली घातला.